धूमकेतू स्वतःच वेळापत्रक पाळत नाही, मग यान त्याला गाठते कसे?

दुपारची_सावली

नमस्कार मंडळी,

मी सांगली जिल्ह्यातील एका माध्यमिक शाळेत नववी-दहावीला विज्ञान शिकवते. गेल्या आठवड्यात वर्गात हॅलेच्या धूमकेतूचा विषय निघाला. त्याची एक फेरी कधी ७४ वर्षांत पूर्ण होते, तर कधी ७९ वर्षे लागतात, कारण गुरू आणि शनी त्याला ओढतात आणि सूर्याजवळ आल्यावर त्याच्या अंगातून सुटणारी वाफ त्याला ढकलत राहते, असे मी सांगत होते. तेवढ्यात मागच्या बाकावरील एका मुलीने हात वर केला आणि विचारले, "बाई, तोच वेळ पाळत नसेल, तर त्याच्याकडे सोडलेलं यान त्याला गाठतं कसं?" मी म्हटले, "शास्त्रज्ञ गणित करतात." ती खाली बसली, पण तिचे समाधान झालेले नाही हे मला स्पष्ट दिसत होते, आणि खरे सांगायचे तर माझेही झाले नव्हते.

घरी आल्यावर वाचायला घेतले. युरोपचे जिओट्टो यान मार्च १९८६ मध्ये हॅलेच्या गाभ्यापासून ५९६ किलोमीटरवरून गेले. पृथ्वीवरील दुर्बिणीतून तर धूमकेतूचा गाभा दिसतच नाही, दिसतो तो त्याच्याभोवतीचा धूसर गोळा. जी वस्तू दिसत नाही तिच्या इतक्या जवळून जायचे, हे आधी ठरवता येते का? मंगळाची जागा आपल्याला शेकडो वर्षांच्या निरीक्षणांमुळे नेमकी माहीत आहे, धूमकेतूचे तसे नाही. जाणकारांनी कृपया असे उत्तर द्यावे की जे नववीच्या मुलीला सांगता येईल.

---

मृगशीर्ष

ताई, आपल्या विद्यार्थिनीने या विषयाच्या मुळावरच बोट ठेवले आहे. आधी अडचण किती मोठी आहे, ते आकड्यांत पाहू.

आपल्या वातावरणाच्या थरथरीमुळे पृथ्वीवरील चांगल्या दुर्बिणीतही ताऱ्याचे बिंब साधारण एक विकला एवढे पसरते. विकला म्हणजे अंशाचा ३६०० वा भाग. ऐकायला हे फार सूक्ष्म वाटते, पण पंधरा कोटी किलोमीटरवर, म्हणजे सूर्य-पृथ्वी एवढ्या अंतरावर, एक विकला म्हणजे सुमारे ७२५ किलोमीटर होतात. अनेक रात्रींची निरीक्षणे एकत्र केली की ही चूक कमी करता येते, हे खरे, परंतु तिथे दुसरी अडचण उभी राहते. आपण मोजतो तो त्या धूसर गोळ्यातील सर्वांत तेजस्वी बिंदू असतो. गाभ्यातून धूळ आणि वायू मुख्यतः सूर्याकडील उजेडाच्या बाजूने उसळतात, त्यामुळे तेजाचा मध्य आणि खरा गाभा यांच्यात अंतर पडते, आणि ही चूक एकाच बाजूला झुकलेली असल्याने कितीही निरीक्षणांची सरासरी काढली तरी ती जात नाही.

वाफेच्या ढकलण्याविषयी आपण सांगितलेत ते अगदी योग्य आहे. एंके या जर्मन खगोलशास्त्रज्ञाने एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धातच दाखवून दिले होते की त्याच्या नावाने ओळखला जाणारा धूमकेतू दर फेरीला सुमारे अडीच तास लवकर येतो. त्याचे कारण मात्र १९५० मध्ये फ्रेड व्हिपल यांनी सांगितले. धूमकेतू हा बर्फ आणि धूळ यांचा गोळा आहे आणि तो स्वतःभोवती फिरत असल्यामुळे दुपारी तापलेल्या भागातून निघणारा वाफेचा झोत थोडा उशिरा, म्हणजे तिरपा सुटतो. फिरण्याच्या दिशेप्रमाणे हा झोत धूमकेतूला पुढे ढकलतो किंवा मागे रेटतो. एंके लवकर येतो, हॅले मात्र याच कारणाने दर फेरीला सुमारे चार दिवस उशिरा येतो.

---

कोकणकडा

उत्तम धागा. १९८६ च्या मार्च महिन्यात वडिलांनी मला पहाटे चार वाजता उठवून घराच्या गच्चीवर नेले होते, ते आठवले. आग्नेयेकडे त्यांनी बोटाने दाखवले तिथे मला कापसाच्या बोळ्यासारखा एक फिकट ठिपका दिसला होता. आजी त्याला शेंडेनक्षत्र म्हणायची. त्याच दिवसांत एक यान त्या ठिपक्याच्या आत शिरत होते, हे आम्हाला नंतर वर्तमानपत्रातून कळले.

---

सागरवाट

मी तीस वर्षे मालवाहू जहाजांवर होतो आणि आता रत्नागिरीत निवृत्त जीवन जगतो आहे. अंतराळाचा माझा अभ्यास वाचनापुरता आहे, परंतु दिशा शोधण्याच्या कामात आयुष्य गेले, म्हणून लिहितो.

जहाज भर समुद्रात असताना आम्ही वेग, दिशा आणि गेलेला वेळ यांवरून नकाशावर आपली जागा मांडत जातो. सूर्य आणि तारे सेक्स्टंटने मोजून ती जागा दुरुस्त करतो. यानाचेही तसेच आहे. अमेरिकेतील गोल्डस्टोन, स्पेनमधील माद्रिद आणि ऑस्ट्रेलियातील कॅनबेरा येथील मोठ्या तबकड्या यानाशी बोलतात. संदेश जाऊन परत यायला किती वेळ लागला, यावरून अंतर कळते आणि रेडिओलहरींच्या कंप्रतेत पडलेल्या फरकावरून यान आपल्यापासून दूर जाण्याचा वेग कळतो, आणि तो सेकंदाला मिलिमीटरहूनही कमी चुकीने कळतो. आडव्या दिशेतील जागा मात्र एका तबकडीला तितकी चांगली कळत नाही. त्यासाठी हजारो किलोमीटर दूर असलेल्या दोन तबकड्या एकाच वेळी यान ऐकतात आणि त्याच्या जवळपास दिसणाऱ्या, जागा पक्की ठाऊक असलेल्या एखाद्या अतिदूरच्या क्वेसारशी, म्हणजे दूरच्या दीर्घिकेच्या तेजस्वी केंद्राशी, त्याची तुलना करतात.

आता मुख्य मुद्दा. या सगळ्यातून यान कुठे आहे ते कळते, धूमकेतू कुठे आहे ते कळत नाही. आम्ही बंदराजवळ यायचो तेव्हा नकाशावरील आमची जागा मैल-दोन मैलांनी चुकलेली असू शकते, हे गृहीतच असायचे. दीपगृह दिसले की आम्ही बाकी हिशेब बाजूला ठेवून थेट दीपगृहाचा कोन घ्यायचो, कारण जहाज फुटणार ते त्या खडकावर, नकाशावरच्या आकड्यावर नव्हे. यानावरील कॅमेरा म्हणजे तो कोन घेणारा डोळा होय. कॅमेऱ्यात धूमकेतू आणि मागचे तारे एकत्र दिसतात, ताऱ्यांच्या जागा पक्क्या ठाऊक असतात, त्यामुळे धूमकेतू यानाच्या नेमक्या कोणत्या दिशेला आहे ते मोजता येते. जितके जवळ जाल तितका तोच एक विकला कमी किलोमीटरांचा होत जातो. मृगशीर्ष यांनी दिलेल्या हिशेबानेच पाहा, पंधरा लाख किलोमीटरवर तो ७२५ ऐवजी सव्वासात किलोमीटर उरतो.

मुलीला एवढेच सांगा, की धूमकेतूची नेमकी जागा निघताना ठाऊक नसते, ती वाटेत कळत जाते आणि तसतशी वाट दुरुस्त केली जाते.

---

ध्रुवपद

सागरवाट काकांचा दाखला फार नेमका आहे. तरीही १९८६ मध्ये जिओट्टोला हे दीपगृह स्वतः पाहून वाट सुधारणे शक्य नव्हते. ती गोष्ट मला अतिशय प्रिय आहे, म्हणून सविस्तर सांगतो.

जिओट्टो २ जुलै १९८५ रोजी फ्रेंच गियानातील कुरू येथून निघाले. हॅले सूर्याभोवती उलट्या दिशेने फिरतो, त्यामुळे दोघांची गाठ समोरासमोर पडणार होती, तीही सेकंदाला ६८ किलोमीटरच्या सापेक्ष वेगाने. या वेगाने मुंबई ते नागपूर हे सरळ रेषेतील अंतर साधारण दहा सेकंदांत संपते. जिओट्टो स्वतःभोवती गिरक्या घेणारे यान होते, आणि त्याचा कॅमेरा गाभ्याची चित्रे घेण्यासाठी होता. तो ओळखण्याजोगे काही पाहू लागेपर्यंत वाट बदलण्याची वेळ निघून गेलेली असणार होती.

त्याच्या काही दिवस आधी सोव्हिएत संघाची वेगा-१ आणि वेगा-२ ही याने हॅलेजवळून जाणार होती. ही याने डिसेंबर १९८४ मध्ये निघाली, जून १९८५ मध्ये शुक्रावर त्यांनी अवतरक आणि फुगे सोडले आणि मग ती हॅलेकडे वळली. ६ मार्च १९८६ रोजी वेगा-१ गाभ्यापासून सुमारे ८,८९० किलोमीटरवरून आणि ९ मार्चला वेगा-२ सुमारे ८,०३० किलोमीटरवरून गेले. त्यांच्या कॅमेऱ्यांनी गाभ्याकडे पाहिले आणि तो कोणत्या दिशेला आहे ते नोंदवले. पण "माझ्यापासून अमुक दिशेला" या वाक्याचा उपयोग तेव्हाच होतो, जेव्हा बोलणारा स्वतः कुठे उभा आहे ते ठाऊक असते. वेगा यानांची ती जागा पुरेशा अचूकतेने ठरवण्याचे काम अमेरिकेच्या नासाच्या तबकड्यांनी केले, काकांनी वर सांगितलेल्या क्वेसारच्या पद्धतीनेच.

शीतयुद्ध अजून संपलेले नव्हते. अमेरिकेने हॅलेकडे खास असे स्वतःचे यान पाठवलेही नव्हते. तरीही सोव्हिएत यानांनी घेतलेले कोन, अमेरिकी तबकड्यांनी ठरवलेली त्या यानांची जागा आणि युरोपचे चालू यान यांचा हिशेब चार-पाच दिवसांत एकत्र बसवला गेला आणि गाभ्याच्या जागेविषयीची शंका, जी आधी शेकडो किलोमीटरांची होती, ती सुमारे ४० किलोमीटरवर आली. या योजनेला 'पाथफाइंडर', म्हणजे वाटाड्या, असेच नाव होते. १३ आणि १४ मार्चच्या मधल्या रात्री जिओट्टो ५९६ किलोमीटरवरून गेले. ताई, आपण विचारलेत ना, की हा आकडा आधी ठरवता येतो का? तो असा ठरवला गेला. त्याहून दूरून गेले असते तर गाभा नीट दिसला नसता आणि फार जवळून गेले असते तर धुळीने यान फोडले असते. तेवढ्या अंतरावरूनही अगदी शेवटच्या काही सेकंदांत धुळीच्या एका कणाने यानाला असा धक्का दिला की ते डुलू लागले आणि पृथ्वीशी त्याचा संपर्क तुटक होत गेला. सुमारे अर्ध्या तासाने तो पूर्ववत झाला, पण कॅमेऱ्याने त्यानंतर एकही चित्र दिले नाही.

---

ठाण्याचा_वाटाड्या

वरील प्रतिसाद वाचून आनंद झाला, परंतु माझे मत थोडे वेगळे आहे. शेवटचे काही किलोमीटर जुळवणे हा या कामाचा लहान भाग आहे. खरा पराक्रम तिथपर्यंतची वाट शोधण्यात आहे. युरोपच्या रोझेटा यानाचे पाहा. ते आधी विर्टानेन धूमकेतूकडे जाणार होते. डिसेंबर २००२ मध्ये एरियान-५ जातीचा एक अग्निबाण अपयशी ठरल्यामुळे जानेवारी २००३ चे उड्डाण रद्द झाले आणि धूमकेतूच बदलावा लागला, कारण धूमकेतू कोणासाठी थांबत नाही. नवे लक्ष्य ठरले ६७पी चुर्युमोव्ह-गेरासिमेन्को. २ मार्च २००४ रोजी निघालेले यान पृथ्वीजवळून तीनदा आणि मंगळाजवळून एकदा गेले, त्या ग्रहांच्या ओढीने वेग मिळवत दहा वर्षांत सुमारे ६४० कोटी किलोमीटर चालले. मंगळाच्या पृष्ठभागापासून ते केवळ २५० किलोमीटरवरून गेले होते. नोव्हेंबर २००७ मध्ये ते पृथ्वीकडे परतत असताना निरीक्षकांना तो नवा लघुग्रह वाटला आणि त्याला २००७ व्हीएन८४ असे नावही देण्यात आले होते.

त्याआधीचे उदाहरण यानांच्या वाटा आखणारे नासाचे रॉबर्ट फार्कर यांचे. सौरवाऱ्याचा अभ्यास करण्यासाठी पाठवलेले एक यान त्यांनी चंद्राजवळून पाच वेळा फिरवले, शेवटच्या वेळी चंद्राच्या पृष्ठभागापासून सुमारे १२० किलोमीटरवरून नेले आणि ११ सप्टेंबर १९८५ रोजी जियाकोबिनी-झिन्नर धूमकेतूच्या शेपटीतून पार केले. धूमकेतूला भेट देणारे ते पहिले यान, आणि त्यावर कॅमेराही नव्हता. मग दीपगृह पाहणारा डोळा इतका आवश्यक कसा म्हणावा?

---

सागरवाट

वाटाड्या, आपण दिलेली माहिती मोलाची आहे आणि फार्कर यांच्या चंद्रफेऱ्यांना माझा सलाम. मात्र दोन कामांत फरक करू या. मुंबईहून निघून कोणत्या वाऱ्याचा आणि कोणत्या प्रवाहाचा फायदा घेत कोणत्या बंदराला जायचे, हे प्रवासाचे नियोजन झाले. बंदराच्या तोंडाशी आल्यावर खडक चुकवून आत शिरणे हे दुसरे काम. पहिले काम महिनोन्‌महिने आधी मेजावर बसून करता येते. दुसऱ्यासाठी खडक दिसावा लागतो, आणि विद्यार्थिनीचा प्रश्न या दुसऱ्या कामाचा आहे. फार्कर यांचे यान शेपटीतून, गाभ्यापासून सुमारे ७,८०० किलोमीटरवरून गेले. एवढ्या रुंद दरवाजातून जाताना काहीशे किलोमीटरची चूक खपते. अंतर ५९६ वर आले की खपत नाही.

---

ठाण्याचा_वाटाड्या

दरवाजाच्या रुंदीचा मुद्दा मान्य. तो माझ्या लक्षात आला नव्हता.

---

निळी_खिडकी

मी २०१४ मध्ये जर्मनीत डार्मश्टाट येथे शिकत होते. युरोपीय अवकाश संस्थेचे नियंत्रण केंद्र त्याच गावात आहे. रोझेटा धूमकेतूपाशी पोहोचले तो ६ ऑगस्ट आणि त्यातून सोडलेले फिले हे लहान यान त्यावर उतरले तो १२ नोव्हेंबर, हे दोन्ही दिवस आम्ही वसतिगृहाच्या स्वयंपाकघरात एका लॅपटॉपभोवती दाटीवाटीने बसून पाहिले. म्हणून रोझेटाच्या शेवटच्या टप्प्याविषयी थोडे लिहिते, कारण तो जिओट्टोहून अगदी वेगळ्या प्रकारे अवघड होता.

जिओट्टो समोरून येऊन निघून गेले. रोझेटाला धूमकेतूच्या सोबतच राहायचे होते. मे २०१४ मध्ये दोघांच्या वेगांत सेकंदाला ७७५ मीटरचा फरक होता. तो दहा टप्प्यांत इंजिने चालवून ऑगस्टच्या आरंभी सेकंदाला मीटरभरावर आणला गेला. या काळात कॅमेऱ्यातील ठिपका रोज मोठा होत गेला आणि जुलैमध्ये सगळ्यांना धक्का बसला. गाभा बटाट्यासारखा असेल अशी अपेक्षा होती, पण दिसले ते एकमेकांना चिकटलेले दोन गोळे, पोहणाऱ्या बदकासारखे. फिरणाऱ्या बदकाचा मध्यबिंदू कोणता समजायचा? यानाला वाट दाखवणाऱ्यांना हा खरोखरीचा प्रश्न होता.

त्यात त्या धूमकेतूचे वजन, आकार आणि अक्ष यांपैकी काहीच नेमके ठाऊक नव्हते. वजन कळल्याशिवाय कक्षा ठरत नाही आणि जवळ जाऊन ओढ अनुभवल्याशिवाय वजन कळत नाही. म्हणून आरंभी यानाला कक्षेत घातलेच नाही. गाभ्यापासून सुमारे १०० किलोमीटरवर त्याला त्रिकोणाच्या बाजूंसारख्या जवळजवळ सरळ रेषांतून चालवले, आठवड्यातून दोनदा कोपऱ्यावर वळवले, आणि प्रत्येक बाजू चालताना ती किंचित किती वाकते आहे, यावरून वजन काढले. ते सुमारे १००० कोटी टन भरले. ऐकायला मोठे, पण ओढ इतकी क्षीण, की ३० किलोमीटरच्या कक्षेत यानाचा वेग सेकंदाला जेमतेम १५ सेंटिमीटर होता आणि एका प्रदक्षिणेला दोन आठवडे लागत. रांगणारे बाळसुद्धा याहून वेगाने जाते. अशा ठिकाणी धूमकेतूतून निघणारा वायू यानाच्या सौरपंखांना लागला, तर तो झुळकेसारखा धक्काही हिशेबात धरावा लागतो. ते पंख टोकापासून टोकापर्यंत ३२ मीटर होते.

रोजच्या हिशेबासाठी धूमकेतूवरील कडे, खड्डे, मोठे दगड हीच खूण धरली जाई. गावात नवखा माणूस जसा वडाचे झाड, पाण्याची टाकी, देवळाचा कळस लक्षात ठेवतो, अगदी तसे. एकेक खूण अनेक छायाचित्रांत ओळखायची आणि त्यावरून यानाची जागा आणि धूमकेतूचे फिरणे दोन्ही एकदमच सोडवायचे. फिलेला साडेबावीस किलोमीटरवरून सोडले, ते सात तास पडत राहिले, आणि पहिल्यांदा टेकले ते निवडलेल्या जागेपासून शंभर-सव्वाशे मीटरच्या अंतरात. त्याला रोवून धरणारे भाले सुटले नाहीत म्हणून ते उसळून दूर गेले. दिशादर्शनाचे काम मात्र तिथपर्यंत चोख झाले होते.

---

अंकगणिती

मी संगणक आज्ञावलीच्या क्षेत्रात काम करतो. मला वाटते की हे सारे पृथ्वीवरून करण्याची गरज आता उरलेली नाही. नासाच्या डीप इम्पॅक्ट मोहिमेत ३७० किलोचा एक ठोकळा ४ जुलै २००५ रोजी टेंपल-१ धूमकेतूवर आदळवला गेला. वेग सेकंदाला दहा किलोमीटरहून थोडा अधिक, गाभा सहा-सात किलोमीटरचा आणि पृथ्वी इतकी दूर की संदेशाला एका बाजूने सात मिनिटांहून अधिक वेळ लागायचा. चित्र पृथ्वीवर येऊन आज्ञा परत जाईपर्यंत पंधरा मिनिटे गेली असती आणि तेवढ्यात ठोकळ्याने नऊ हजार किलोमीटर ओलांडले असते. म्हणून शेवटचे दोन तास ठोकळा स्वतःच पाहत होता, दर १५ सेकंदांनी छायाचित्र घेत होता, आणि त्याने धडकेच्या ९० मिनिटे, ३५ मिनिटे आणि साडेबारा मिनिटे आधी स्वतःची दिशा स्वतः सुधारली. तो उजेडातील भागावरच आदळला. रोझेटाच्या वेळी माणसे बसवून आठवड्यातून दोनदा हिशेब करण्यापेक्षा यानालाच करू द्यायला हवे होते, असे माझे स्पष्ट मत आहे.

---

निळी_खिडकी

अंकगणिती, डीप इम्पॅक्टविषयी आपण लिहिले ते सर्व योग्य आहे. निष्कर्षाशी मात्र मी सहमत नाही. २८ मार्च २०१५ रोजी रोझेटा गाभ्यापासून १४ किलोमीटरवरून गेले. यान कोणत्या बाजूला तोंड करून आहे ते ताऱ्यांवरून ओळखणारी उपकरणे त्यावर होती आणि ती स्वयंचलितच होती. आजूबाजूला धूळ इतकी होती, की उन्हात चमकणारे कण त्यांना तारे वाटले. यानाचा ॲन्टेना पृथ्वीपासून ढळला आणि ते 'सुरक्षित अवस्थेत', म्हणजे नेहमीची कामे थांबवून पृथ्वीवरील आज्ञेची वाट पाहण्याच्या स्थितीत, गेले. त्याला सावरण्यासाठी माणसांनाच झटावे लागले आणि त्यानंतर काही काळ दूर राहावे लागले. जिओट्टोच्या कॅमेऱ्याचेही तसेच, तो सर्वांत तेजस्वी भागाचा माग काढायचा, त्यामुळे अगदी जवळ गेल्यावर गडद गाभ्याऐवजी उजळ झोताकडे वळला. हॅलेचा गाभा कोळशासारखा काळा आहे, त्यावर पडलेल्या उजेडापैकी केवळ चार टक्के परत येतो.

दोन तासांच्या धडकेसाठी यानाने स्वतः पाहावे. दोन वर्षांच्या सोबतीसाठी, जिथे रोज काहीतरी नवे समोर येते, तिथे माणूस हवा.

---

अंकगणिती

धुळीला तारे समजण्याची ही घटना मला ठाऊक नव्हती. आपला मुद्दा पटला, निदान रोझेटापुरता.

---

कोकणकडा

यात आपल्या मंगळयानाचाही एक दुवा आहे. १९ ऑक्टोबर २०१४ रोजी साइडिंग स्प्रिंग नावाचा धूमकेतू मंगळापासून सुमारे १ लाख ४० हजार किलोमीटरवरून गेला. मंगळाभोवतीच्या यानांना त्याच्या धुळीचा धोका होता, म्हणून इस्रोने मंगळयानाची आणि नासाने आपल्या यानांची वेळ अशी जुळवली, की धूळ येईल तेव्हा ती मंगळाच्या आडोशाला असतील. त्यासाठीही धूमकेतू नेमका केव्हा आणि कुठून जाणार, ते कळायला हवे होते. इथेही सागरवाट काकांचेच म्हणणे खरे ठरले. मंगळाभोवतीच्या एका अमेरिकी यानाने बारा दिवस आधी त्याची छायाचित्रे घेतली, तेव्हा तो पृथ्वीवरून काढलेल्या जागेपासून थोडा सरकलेला आढळला. हा फरक आधी कळला नसता, तर अगदी जवळून जाताना कॅमेरे कदाचित रिकाम्या आकाशाकडे रोखले गेले असते.

---

दुपारची_सावली

सर्वांचे मनापासून आभार. काल वर्गात काय झाले ते सांगते.

शब्दांत सांगण्याऐवजी मुलांना मैदानावर नेले. एका मुलीला धूमकेतू केले आणि डोळे मिटून हवे तसे चालायला सांगितले. मैदानाच्या एका टोकाला एका मुलाला कर्कटपेटीतील कोनमापक आणि दोरा देऊन उभे केले. त्याने फक्त कोन सांगायचा, आणि त्यावरून पाठमोऱ्या मुलांनी वहीत धूमकेतूची जागा मांडायची. दिशा बरोबर आली, पण ती नेमकी किती दूर आहे हे कोणालाच सांगता येईना. मग दुसऱ्या टोकाला आणखी एक कोनमापक उभा केला आणि दोघांमधले अंतर टेपने मोजले, तीस मीटर भरले. आता वहीत दोन रेषा एकमेकींना छेदू लागल्या आणि चूक साधारण दोन पावलांवर आली. दोघांनाही दहा-दहा पावले पुढे नेल्यावर ती एका पावलावर आली. "हे वेगा-१, हे वेगा-२," असे मी सांगितले, तेव्हा प्रश्न विचारणारी मुलगी म्हणाली, "आणि बाई, टेप धरणारी अमेरिका." वरील प्रतिसाद मी तिला छापून दिले होते. ते तिने वाचले होते तर!

आता तिचा पुढचा प्रश्न आहे आणि तोही इथेच मांडते. हॅले, ६७पी, टेंपल-१ हे सगळे पुन्हापुन्हा येणारे, म्हणजे ज्यांच्यासाठी आधी यान बांधून ठेवता येते असे धूमकेतू आहेत. जो पहिल्यांदाच येतो आहे आणि वर्ष-दोन वर्षे आधीच सापडतो, त्याच्याकडे कसे जायचे?

---

मृगशीर्ष

तिचा हा प्रश्न पहिल्याहून मोठा आहे, आणि त्यावर सध्या काम चालू आहे. युरोप आणि जपान यांची कॉमेट इंटरसेप्टर नावाची मोहीम जून २०२२ मध्ये मंजूर झाली असून २०२९ मध्ये उड्डाणाची योजना आहे. पृथ्वीपासून सूर्याच्या विरुद्ध बाजूला पंधरा लाख किलोमीटरवर एक अशी जागा आहे, जिथे यानाला फार थोड्या इंधनात थांबून राहता येते. तिथे हे यान लक्ष्य ठरलेले नसतानाच जाऊन वाट पाहील. सूर्यमालेच्या कडेहून प्रथमच आत येणारा, आवाक्यातील धूमकेतू पृथ्वीवरील दुर्बिणींना सापडला की मगच त्याची वाट आखली जाईल. जवळ गेल्यावर मुख्य यानातून दोन लहान याने सुटतील आणि तिन्ही मिळून वेगवेगळ्या बाजूंनी एकाच धूमकेतूकडे पाहतील.

---

सागरवाट

बंदराबाहेर नांगर टाकून जहाजाची वाट पाहणारी पायलट बोट असते, तसेच हे आहे. मुलीला माझा आशीर्वाद सांगा. हॅले जुलै २०६१ मध्ये सूर्याजवळ येईल. तिच्या वयाचा हिशेब तिने स्वतः करावा आणि तेव्हा तिला कोणत्या टोकाला उभे राहून कोन घ्यायला आवडेल, ते इथे जरूर कळवावे.

---

दुपारची_सावली

विचारले. ती म्हणाली, "धूमकेतूच्या जवळच्या टोकाला."